उरलेला शब्द

सात वेळा निवडून आलेल्या आमदारसाहेबांना विरोधक पाठीमागे ‘होयबा’ म्हणत. पस्तीस वर्षं पक्षाच्या प्रत्येक ठरावाला त्यांनी डोळे झाकून ‘होय’ म्हटलं होतं. मेंदूतल्या रक्तस्रावाने अंग लुळं पडलं, मानही हलेना, आणि सगळ्या शब्दांतून नेमका तेवढाच वाचला.

“सवयीचा शब्द खोल रुतलेला असतो,” डॉक्टर म्हणाले.

“मला ओळखलंत का हो?” बायको रोज विचारायची.

“होय.”

“जन्मात माझ्या कशाला होय म्हणाला नाहीत,” ती हसत डोळे पुसायची.

आज मुलगा शुश्रूषा केंद्राचा अर्ज घेऊन आला. “बाबा, आईला आता झेपत नाही. तुम्हाला कायमचं तिथे ठेवू ना?”

त्यांना घरीच राहायचं होतं. जिवाच्या आकांताने ते ‘नाही’ शोधू लागले, पण जिभेवर ‘होय’च येऊ लागलं, तसे त्यांनी दात घट्ट आवळले. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या ठरावावर ते गप्प राहिले.

मुलाने मिनिटभर वाट पाहिली आणि टोपण काढून पेन शेजारी उभ्या आईपुढे धरलं.



“बाबांचा विरोध नाही, आई. कर सही.”