दाबाचा वर्ग

सुनेने वही सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

“बाबा, तुम्ही लिहिलंत तेच मी टाइप केलंय.”

सासरे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वायूंच्या अभिक्रियांचे समतोल-स्थिरांक कसे काढायचे, हे शिकवणारं त्यांचं पुस्तक गाजलेलं. पाच आवृत्त्यांत एक चूक सापडली नव्हती, आणि हे ते नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही ऐकवत. दर आवृत्तीला ते नवी गणितं घालत. सासूबाई त्या गिचमिड अक्षराची सुवाच्य प्रत करायच्या आणि ती छापायला जायची. सहाव्या आवृत्तीच्या वेळी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकापाठोपाठ निघाली, म्हणून काम सुनेकडे आलं. पुस्तक बाहेर पडून महिना होत नाही तोच एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. नव्या गणितांपैकी चार चुकली होती. सकाळपासून सासरे सुनेच्या नावाने खडे फोडत होते.

आता त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. एका वायूचा एक रेणू फुटून दुसऱ्याचे दोन होतात, तेव्हा स्थिरांक काढताना त्या दुसऱ्याच्या दाबाचा वर्ग घ्यायचा. पहिल्या धड्यातली गोष्ट. वहीत वर्ग नव्हता. अक्षर त्यांचंच होतं.

“अशी चूक माझ्या हातून आजवर झालेली नाही,” ते पुटपुटले.

कोपऱ्यात काळा चष्मा लावून बसलेल्या सासूबाईंनी रेडिओ बारीक केला.

“दर वेळी होते. प्रत करताना वर्ग मी घालायचे.”

हे तू कुठे शिकलीस, असं सासऱ्यांनी विचारलं. पाच पुस्तकं हाताने उतरवल्यावर भिंतीलाही कळेल, असं उत्तर आलं. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

“बोलले असते तर तुम्ही तपासून द्यायला लागला असता. मला मग नुसती नक्कलच उरली असती.”

सासऱ्यांनी वही मिटली आणि सुनेला म्हणाले, तुझं बरोबर होतं. हे वाक्य तिने त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी सातव्या आवृत्तीची वही काढली, खुर्ची बायकोशेजारी ओढली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्याच गणिताला सासूबाई म्हणाल्या, “थांबा.”