नाही-गुरुजी आणि सेनापती मू

सकाळी सेनापती मू आठ फूट उंच होता. जेवायची वेळ होईपर्यंत तो अकरा फुटांवर गेला.

प्राध्यापक वेई जिंगचौ यांनी वहीतला आधीचा आकडा खोडला आणि नवा लिहिला. मनात काहीही आलं तरी चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, ही त्यांची तीस वर्षांची सवय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वीरांची जन्मगावं, त्यांच्या तलवारी, त्यांची थडगी तपासायची आणि इतिहास कुठला नि दंतकथा कुठली ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. प्रांतभर त्यांना 'नाही-गुरुजी' म्हणत, कारण आजवर त्यांच्या हाती एकही वीर खरा लागला नव्हता. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला त्यातच मजा येते. प्रत्यक्षात प्रत्येक नव्या गावात शिरताना त्यांच्या छातीत धडधडायचं. इथे तरी असेल.

मूगोऊ म्हणजे एका घळीत, पिवळ्या मातीच्या टेकडीत कोरलेली बत्तीस घरं, आणि बत्तीसही घरांचं आडनाव मू. वेईंना घेऊन आलेले जिल्ह्याचे पर्यटन अधिकारी पेई वाटेतच फुलून गेले होते. गुरुजींनी फक्त 'हो' लिहून द्यायचं. मग या टेकडीवर सेनापतीचा तीस मीटरचा पुतळा, भोवती बाग, खाली गाड्यांचा तळ. आणि गावाला शहरात नवी घरं. अकराव्या मजल्यावर, लिफ्टसकट.

"आणि कोंबड्या?" देवळाची किल्ली सांभाळणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या छुइलान आजींनी विचारलं होतं.

"अंडी दुकानात मिळतात, आजी," पेई म्हणाले. सगळे हसले. आजीही हसल्या.

गावप्रमुख मू दागुई यांनी सांगितलं की सेनापती लढाईला निघण्याआधी चाळीस मांतोऊ, म्हणजे वाफवलेले पाव, आणि एक अख्खी मेंढी खायचा, आणि त्याच्या आरोळीने नदीवरचा बर्फ तडकायचा. त्यांच्या चुलतभावाच्या मते त्याने एकट्याने तीनशे शत्रू कापले. समोरच्या घरातल्या काकूंना हा आकडा अपमानाचा वाटला. तीन हजार, त्या म्हणाल्या. शत्रू कुठल्या राज्याचे होते, असं वेईंनी विचारलं. बराच वेळ कुजबुज झाली आणि मग उत्तर आलं, सगळ्याच राज्यांचे.

देवळात लाल फडक्यात गुंडाळून सेनापतीचा भाला ठेवला होता. वेईंनी तो उलटून पाहिला. ट्रॅक्टरच्या नांगराचा दांडा होता, त्यावर कारखान्याचा शिक्काही होता.

दागुईंनी वाकून शिक्का पाहिला. "सेनापतीचं सामान मजबूतच असायचं, गुरुजी," ते शांतपणे म्हणाले.

पेईंनी कपाळ पुसलं.

एखादी वंशावळ, जुना कागद, शिलालेख? वेईंनी शेवटचं म्हणून विचारलं. वंशावळ उंदरांनी खाल्ली होती. आणि दगड म्हणाल तर, दागुई म्हणाले, इथे दगड कुठला, सगळी मातीच.

जेवायला आजींनी हाताने ओढलेल्या शेवया केल्या होत्या, वर आंबट सिरका आणि मिरचीचं तेल. त्यांनी वेईंचा वाडगा तिसऱ्यांदा भरला, तेव्हा वेईंनी काड्या खाली ठेवल्या. इतक्या मायेने वाढणाऱ्या माणसांचा आजोबा आपण दुपारी काढून घेणार. पण खोटं लिहिणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

गाडीच्या टपावर कागद ठेवून त्यांनी अहवाल लिहिला. मग गावाला अंगणात बोलावून स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की असा सेनापती होऊन गेल्याचा काहीही पुरावा नाही. दागुईंनी बाहीने डोळे पुसले. आजींनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलू लागले. वेईंना ते बघवेना. त्यांनी घाईने सही केली आणि पेईंनी जड हाताने शिक्का मारला.

तीन वळणं उतरल्यावर वेईंच्या लक्षात आलं की चहाचा थर्मास आजींच्या घरीच राहिला. पेई गाडीतून उतरायलाही तयार नव्हते. वेई एकटेच पायवाटेने चढून वर आले.

अंगणात चिटपाखरू नव्हतं. आजींच्या घरातून मात्र हसण्याचा कल्लोळ ऐकू येत होता. दार अर्धं उघडं होतं. आत जमिनीतल्या तळघराचं झाकण काढलेलं, बटाट्यांचा ढीग बाजूला सारलेला, आणि भोवती निम्मं गाव. वर काढलेला काळा, पुरुषभर उंचीचा दगड समोरच्या भिंतीला टेकवला होता. त्यावरची अक्षरं वेईंनी दारातूनच ओळखली. तसं वळण दोन हजार वर्षांत कोणी लिहिलं नव्हतं. सेनापती मू येन. जन्म याच घळीत.

आजींच्या हातात तीन उदबत्त्या होत्या.

"आजोबा, रागावू नका," त्या दगडाला सांगत होत्या. "गुरुजींनी शिक्का मारून दिलंय, तुम्ही झालाच नाहीत. आता तुमचा पुतळा नाही आणि आम्हाला अकरावा मजला नाही. निवांत झोपा."

मग दागुईंना दारातले वेई दिसले. हसू जिथल्या तिथे थांबलं. उदबत्तीची राख गळून पडली तरी आजींचा हात हलला नाही.

वेई आत आले, गुडघ्यांवर बसले. बाहीने माती पुसत, बोट एकेका अक्षरावरून फिरवत त्यांनी सगळा लेख वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पुन्हा एकदा. खालून पेईंच्या गाडीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. सही अजून ओली असेल, आत्ता धावत गेलं तर कागद फाडता येईल.

ते उठले आणि त्यांनी गुडघे झटकले.

"बटाटे परत रचण्याआधी खाली कोरडा पेंढा घाला," ते म्हणाले. "शेवटच्या दोन ओळींना ओल लागायला लागलीय."