दहा-बारा वर्षं

मेकॅनिक विकीने एसीची जाळी काढली, आत टॉर्च मारला आणि मान हलवली. कॉम्प्रेसर गेला होता.

एसीच्या समोरच पलंगावर रतन पडून होता. चार वर्षांपूर्वी रंगकाम करताना तो परांचीवरून पडला आणि मानेखालचं सगळं अंग गेलं. तेव्हापासून त्याला घामच येत नसे. खोली जेवढी तापेल तेवढं अंग तापायचं. गोवंडीतला मे महिना, दुपारचा एक, आणि एसी बंद पडून तीन तास झालेले. त्याची बायको संघमित्रा अंगावरच्या ओल्या चादरी बदलत होती. ताप एकशे एकच्या वर गेला होता.

विकीने सांगितलं, की जुनाच एसी दुरुस्त केला तर संध्याकाळपर्यंत गार हवा सुरू होईल. पण आतल्या नळ्या सडल्यात, परत कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. आठवड्यात पडेल, महिन्याने पडेल. नवा मात्र उद्या दुपारशिवाय यायचा नाही. दोन्ही करण्याची घराची ऐपत नव्हती, ते त्याने बोलून दाखवलं नाही.

“नवा किती वर्षं चालतो रे?” रतनने विचारलं.

“दहा-बारा तर आरामात, दादा.”

“मग हाच कर नीट. तेवढी वर्षं कोणाला काढायचीयत इथे?”

संघमित्राने चादर बादलीत पिळली. सकाळी सात ते चार ती चेंबूरच्या एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. आज रविवार होता म्हणून एसी बंद पडलेला तिला कळला. कामाच्या दिवशी पडला असता तर रतनला फोनसुद्धा उचलता आला नसता.

“नवा आण,” ती विकीला म्हणाली.

विकीने हळू आवाजात विचारलं, की तोवर दादांना कसं सांभाळणार. अंग आताच चटका लागण्याएवढं तापलंय.

“आज मी घरी आहे. हा जुना परत बंद पडेल त्या दिवशी मी नसेन.”

रतनने डोळे मिटून घेतले.

नव्याचं माप घ्यायचं म्हणून विकीने जुना एसी भिंतीतून ओढून बाहेर काढला. चौकोनी भगदाड पडलं. गरम वारा जवळच्या कचरा डेपोचा वास घेऊन सरळ आत घुसला. विकी एसी उचलून खाली गेला आणि संघमित्रा घाईने पुठ्ठा घेऊन आली.

रतनने डोळे उघडले होते. भगदाडातून पांढरंफटक आभाळ दिसत होतं आणि कचऱ्याच्या डोंगरावर घारी गोल फिरत होत्या. तो एकटक बघत राहिला.

“थांब गं,” तो म्हणाला. “जरा वेळ उघडं राहू दे.”

पुठ्ठा धरून ती तशीच उभी राहिली. त्याच्या कपाळाला हात लावून बघायची तिची हिंमत होईना.