कपाटातला तरवड

वनस्पती संग्रहालयातल्या एका लोखंडी कपाटात मधमाश्या शिरत होत्या. साहेबांनी औषध फवारणाऱ्याला बोलावलं. कपाट सांभाळणाऱ्या बाई त्याला आडव्या आल्या.

"आत पोळं नाही. माळरानावरची झुडपं आहेत, वाळवून कागदावर चिकटवलेली. तुमच्या औषधानं माझा तरवड खराब होईल. साठ वर्षांचा आहे."

"मेलेल्या झुडपाला आणखी काय होणार, बाई?"

तो कपाटाच्या फटीपाशी उकिडवा बसला, तो बराच वेळ उठलाच नाही. मग हळूच म्हणाला, "माश्या रिकाम्या आत जातायत. बाहेर येताना पायांना पिवळे पराग आहेत."

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या," बाई म्हणाल्या. पण त्यांनीही वाकून पाहिलं आणि किल्ली काढून कपाट उघडलं.

कागदावर तरवड होता तसाच होता, तपकिरी आणि चपटा. खाली जुन्या अक्षरात नोंद होती: 'फुलं आहेत, शेंगा नाहीत.' बाईंनी फांदीवरून बोट फिरवलं. बोटाला एक शेंग लागली. हिरवी, कोवळी.

"नोंद बदलावी लागेल," बाई पुटपुटल्या आणि पेन शोधू लागल्या.

फवारणाऱ्यानं निघण्यासाठी पंप उचलला.

"सावकाश बदला," तो म्हणाला. "पण आधी कपाटाचं दार लावा. आतून ऊन येतंय."