टीव्हीची वायर

"त्या व्हिडिओ गेममध्ये विटांच्या आड रणगाडा लपवायचे मी," गवारीच्या शेंगा मोडता मोडता आई म्हणाली. "परीक्षा संपली की दुपारभर तेच. शेजारचा अभिजित यायचा. आणि ऐन रंगात एक बाई येऊन टीव्हीची वायर उपटायची. कोण रे ती चांडाळीण?"

श्रीरंग गोंधळला. परीक्षा त्याची होती, रणगाडाही त्याचाच. पक्षाघातानंतर आईची स्मृती पार पुसली गेली होती आणि डॉक्टरांनी तिथे त्याच्या लहानपणच्या आठवणी भरल्या होत्या. तिची स्वतःची एकही आठवण उरलेली नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग समोर बसलेल्या बाईला आई म्हणायचं ते कशाच्या जोरावर, हे कोडं त्याला सुटत नव्हतं.

"ती माझी... म्हणजे, तुझी आई असेल," तो चाचरत म्हणाला.

"मेली रागीट होती!"

"फार. मी दोन दोन दिवस बोलायचो नाही तिच्याशी."

"तू? तू कुठे होतास तिथे?" आई हसली. "पण खरा राग नव्हता रे तो. वायर उपटली की ती स्वयंपाकघरात जायची, दार लोटायची आणि तोंडाला पदर लावून हसत सुटायची. पोराचा फुगलेला चेहरा आठवून."

श्रीरंगने हातातली शेंग खाली ठेवली. तो तर तेव्हा बाहेर, बंद टीव्हीसमोर रुसून बसलेला असायचा.

"हे तुला कुणी सांगितलं?"

आईने पुढची शेंग उचलली.

"सांगायला कशाला हवं? पोट दुखेपर्यंत हसायचे मी."