नियमातली शिट्टी

जळोची गावातल्या एका खोलीत बसून करुणा गाड्यांची मदतसेवा चालवायची. कुणी गाडीतलं लाल बटण दाबलं, की हिच्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि ही रुग्णवाहिका धाडायची. आज खाजगी सुरक्षा कायद्याचे साहेब तपासणीला आले. “मॅडम, तुम्ही लोकांच्या जिवाची राखण करता, म्हणजे कायद्यानं सुरक्षारक्षक झालात. परवाना कुठाय? गणवेश? शिट्टी?” नमुना म्हणून त्यांनी शिट्टी टेबलावर ठेवली. “साहेब, हितं शिट्टी वाजवून इंदापुरात कुणाला ऐकू जाईल?” “ते कायद्यात विचारलेलं नाही.” तेवढ्यात फोन वाजला. संगणकाच्या पडद्यावर इंदापूरकडच्या कालव्यालगत गाडी उलटल्याची खूण लुकलुकू लागली. साहेबांनी फोनवर तळहात दाबला. “परवान्याशिवाय उचलायचा नाही.” करुणानं शिट्टी घेतली आणि त्यांच्या कानाशी जीव खाऊन फुंकली. साहेबांचे दोन्ही हात कानांवर गेले. तिनं फोन उचलला. “बोला दादा, सुरक्षारक्षक बोलतीय.”