चरकावरचे ठसे

कागद बारा होते, शाई अर्धी डबी आणि वेळ सकाळी नऊपर्यंत. नऊला तुळसामावशींच्या रसवंतीवर गिऱ्हाईक सुरू व्हायचं. प्रदर्शनाला एकाच चित्राचे एकसारखे पाच ठसे हवे होते. एक जरी कमी पडला, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. ऋजुताची भाड्याची छापखोली आठवड्यापूर्वी यंत्रासकट विकली गेली होती. म्हणून तिने चित्र कोरलेली, शाई लावलेली लाकडी पाटी कागदासह उसाच्या चरकात सरकवली.

पहिल्या कागदावर रुळांचे दात उमटले. वर वर्तमानपत्रं घातली, तरी दात उमटलेच. रुळांतलं अंतर एक मिलिमीटर वाढवलं, तर चित्र अर्धवट आलं. असे सात कागद गेले.

"आता गं?" मावशींनी विचारलं.

"पाच उरलेत. पाचच हवेत."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये, मोजतेय."

"मोज बाई. मी या लोखंडी स्टुलावर दहा वर्षं बसतेय, ती घोंगडीच्या जिवावर. आणि तू त्या कागदाला रद्दी पांघरवतेस!"

ऋजुताने मान वर केली. "उठा, मावशी."

तिने स्टुलावरची घोंगडी झटकली, दुहेरी घडी करून कागदावर पसरली आणि रुळांतलं अंतर घोंगडीच्या जाडीइतकं वाढवलं. मावशींनी चाक फिरवलं.

आठ पन्नासला पाच ठसे दोरीवर वाळत होते. ऋजुताने प्रत्येक ठसा भिंगातून तपासला. दातांच्या खुणा शून्य होत्या, आपसातला फरकही शून्य.